कच्चं दूध ‘जिवंत’ असतं, म्हणूनच ते उकळायचं

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. ‘पाश्चराइज्ड दूध म्हणजे मेलेलं दूध.’ खाली मुद्द्यांची रांग: तापवल्याने दुधातले चांगले जीवाणू आणि एन्झाइम मरतात, कॅल्शियम जातं, आपले पूर्वज धारोष्ण दूध पिऊन शंभर वर्षं जगले, कच्च्या दुधाने दमा आणि अ‍ॅलर्जी पळते, पिशवीतलं दूध टिकतं कारण त्यात केमिकल असतं, गाय डोळ्यांसमोर आणि गोठा स्वच्छ असेल तर भ्यायचं कारण नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘लहान मुलांना तर कच्चंच द्या, त्यानेच प्रतिकारशक्ती तयार होते.’

असे मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. हा मात्र माझ्या मामेबहिणीने पाठवला. तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे. ‘ताई, आम्ही फार्मचं काचेच्या बाटलीतलं दूध लावलंय, आता उकळतच नाही,’ असं तिने वर लिहिलं होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला तेव्हाच फोन केला, थोडं भांडणही झालं. फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीच्यांनी गैरसमज होईल, याने मूल दवाखान्यात जाईल. ई. कोलाय नावाच्या जीवाणूचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यांत कुणाला त्रास न देता राहतात. त्यातला ओ१५७:एच७ हा प्रकार तसा नाही. तो गुरांच्या आतड्यांत राहतो, गुरांना त्याचं काहीही होत नाही. शेणाचा बारीकसा कण कासेला लागतो, तिथून दुधात येतो. मुलाच्या पोटात आधी कळा येतात, मग रक्ताचे जुलाब होतात. काही मुलांत हा जीवाणू सोडत असलेलं विष रक्तातल्या लाल पेशी फोडतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात आणि याचा सर्वांत जास्त धोका पाच वर्षांखालच्या मुलांना असतो. अँटिबायोटिक द्यायलाही डॉक्टर इथे कचरतात, कारण जीवाणू मरताना विष आणखी सुटण्याची भीती असते. सलाइन, गरज पडली तर डायलिसिस, आणि वाट बघणं. दीड वर्षाच्या मुलाची प्रतिकारशक्ती आईच्या दुधाने, लसींनी, अंगणातल्या मातीत खेळून, इतर पोरांच्या सर्दीपडशाने तयार होते. त्यासाठी त्याला शेणातल्या जंतूंच्या तोंडी द्यावं लागत नाही.

आता ‘गाय डोळ्यांसमोर आहे’ हा मुद्दा. शिकल्यासवरलेली माणसं सर्वांत जास्त यालाच भुलतात. याचं उत्तर माल्टा बेटावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच मिळालं आहे. तिथल्या ब्रिटिश फौजेत एक ताप ठाण मांडून बसला होता. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सांधे आणि कंबर धरलेली, माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. १८८७ मध्ये फौजेतले डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा केला. त्यांच्याच नावावरून पुढे त्याला ब्रुसेला म्हणू लागले. पण तो माणसात येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. पाणी, गटारं, डास, धूळ, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

१९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमित या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि कोडं सुटलं. शेळ्यांवर तोवर कुणाचा संशय गेला नव्हता, कारण त्या धडधाकट दिसत होत्या. चरत होत्या, भरपूर दूध देत होत्या. आणि ते दूध विकलं कसं जायचं? गवळी कळप घेऊन दारोदार फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्याच भांड्यात धार काढून द्यायचा. भेसळ नाही, पाणी नाही, मधला कुणी नाही. मेसेजमधली प्रत्येक अट तिथे पूर्ण होत होती, आणि तरी त्या धारेतूनच जंतू येत होता.

१९०६ मध्ये फौजेला शेळीचं कच्चं दूध बंद केलं. वर्षाला शेकड्यांनी होणारे आजारी पुढच्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके उरले. बेट तेच, शेळ्या त्याच, हवापाणी तेच. ज्या सामान्य माल्टावासीयांनी कच्चं दूध सोडलं नाही, त्यांच्यात हा ताप पुढे कित्येक दशकं राहिला. ज्याला कुणाला ‘डोळ्यांसमोरची निरोगी गाय’ पटते आहे, त्याने या एका गोष्टीचं उत्तर द्यावं. मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि हे माल्टापुरतं नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेलाने होणारा हाच आजार, आपल्याकडच्या गायी-म्हशींमध्ये आजही आहे. जनावर गाभडतं तेव्हा गोठेवाल्याच्या लक्षात येतं. एरवी दिसण्यावरून काही कळत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकुतासोबत याच्याही लसीकरणाची मोहीम देशभर सुरू केली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस देतात. आजार नसता तर हा खटाटोप कुणी केला नसता.

‘चांगले जीवाणू मरतात.’ कच्च्या दुधात आलेले जीवाणू निवडून आणलेले नसतात. सडाच्या कातडीवरचे, शेणातले, धार काढणाऱ्याच्या हातावरचे, चरवी धुतलेल्या पाण्यातले, असे वाटेत जे भेटतील ते येतात. आमच्या प्रयोगशाळेत मुलं दुधाच्या नमुन्यात मेथिलीन ब्लूचा निळा रंग घालतात आणि नळ्या ३७ अंशांवर ठेवतात. दुधातले जीवाणू ऑक्सिजन संपवत जातात तसा निळा रंग उडतो. चांगल्या दुधाची नळी पाच तासांनंतरही निळी असते. वाईट दुधाची अर्ध्या तासात पांढरी होते. नळी हातात धरून बघताना हे ‘जिवंत’ दूध किती वेगाने जिवंत आहे ते कळतं. आणि एवढं करूनही ही चाचणी फक्त गर्दी मोजते. त्या गर्दीत ब्रुसेला आहे की नाही, हे ती सांगत नाही.

पोटाला उपयोगी पडणारे जीवाणू हवेत ना? ते आपल्या घरात रोज तयार होतात, फक्त उलट्या क्रमाने. दूध आधी उतू जाईपर्यंत तापवायचं, कोमट करायचं, मग विरजण लावायचं. तापवल्याने आगंतुक जीवाणू मरतात आणि विरजणातल्या लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंना मोकळं रान मिळतं. शिवाय उष्णतेने दुधातल्या प्रथिनांची घडी उलगडते, म्हणून दही घट्ट लागतं. विरजणातले जीवाणू दूध आंबट करतात आणि त्या आंबटपणात बाकीच्यांना वाढणं अवघड जातं. कच्चं दूध नुसतं ठेवून बघा, कधी नासेल, कधी तार सुटेल, कधी वास मारेल. ज्या आज्या-पणज्यांचा हवाला मेसेज देतो, त्यांनी चुलीवर दुधाचं पातेलं ठेवल्याशिवाय दही, साय, लोणी, तूप यांतलं काहीच केलं नाही. खरवसाचा चीकसुद्धा त्यांनी गूळ-वेलदोडा घालून वाफवलाच.

धारोष्ण दूध कुणी प्यायलंच नाही असं मी म्हणत नाही. प्यायले. काही धडधाकट राहिले. जे लहानपणीच गेले, त्यांचे फोटो भिंतीवर नाहीत. ‘पूर्वज शंभर वर्षं जगले’ यावर याहून जास्त लिहायची माझी तयारी नाही.

कॅल्शियम खनिज आहे, ते उकळल्याने नष्ट होत नाही. बी गटातली काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, एन्झाइमही निष्क्रिय होतात. पण ती एन्झाइम वासराला उपयोगी असतील, आपलं पचन त्यांच्यावर चालत नाही. पिशवीतल्या दुधाचं म्हणाल तर ते नासतंच, एक दिवस फ्रिजबाहेर ठेवा. पाश्चरायझेशन म्हणजे साधारण ७२ अंशांना १५ सेकंद. त्यात रोगजंतू मरतात, सगळे जीवाणू मरत नाहीत. महिनोन्‌महिने टिकतं ते टेट्रापॅकमधलं, १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक डब्यात भरलेलं. त्यात टिकवण्याचं रसायन लागत नाही.

एका गोष्टीत मेसेजच्या हाताला थोडं सत्य लागलं आहे, ते मान्य करते. युरोपात शेतावर वाढलेल्या मुलांचे मोठे अभ्यास झाले आहेत आणि शेतावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जी कमी आढळली. दुधातल्या उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांचा त्यात हात असावा, असं त्या संशोधकांना वाटतं. पण धोका ओळखून त्यांनीच कच्चं दूध प्या असा सल्ला द्यायला नकार दिला. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

भेसळीची भीतीही खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी १२ भेसळीचे निघाले. त्याहून मोठी अडचण होती अफ्लाटॉक्सिन एम१ची, ते ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं, आणि प्रक्रिया केलेल्या दुधातही होतं. हे विष बुरशी लागलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून गायीच्या पोटात जातं आणि दुधात उतरतं. दूध कच्चं प्यायल्याने ते टळत नाही. चिंता असेल तर फार्मवाल्याला चारा कुठे आणि कसा साठवतो ते विचारा. कालवडींना ब्रुसेलाची लस दिली का, तेही विचारा. उत्तरं चांगली मिळाली तरी बाटली घरी आल्यावर दूध पातेल्यात ओतून उकळा.

ज्यांच्या मुलांनी आधीच कच्चं दूध प्यायलं आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. पण रक्ताचे जुलाब झाले किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा, जुलाब थांबवायचं औषध घरी देऊ नका. ब्रुसेलाचा ताप कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येतो, आणि टायफॉइड, मलेरिया, क्षय असा त्याचा चुकीचा तपास होत राहतो. ताप हटत नसेल तर कच्चं दूध प्यायल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. हा जंतू कल्चरमध्ये सावकाश वाढतो आणि हाताळणाऱ्यालाही लागतो, त्यामुळे रक्त तपासायला देतानाच तसा संशय असल्याचं लॅबला कळलं पाहिजे.