तो शेक्सपिअरचा 'अब्रू'वाला फॉरवर्ड, जरा थांबा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण झाल्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय, की पाकीट चोरणारा फक्त कचरा नेतो पण अब्रू नेणारा माणसाला कफल्लक करतो, इति शेक्सपिअर. ओळी त्याच्याच आहेत हो, 'ऑथेल्लो'तल्या, तिसरा अंक तिसरा प्रवेश. पण बोलतोय कोण ते बघा ना, इयागो! नाटकातला एक नंबरचा खलनायक, आणि तेही ऑथेल्लोच्या डोक्यात बायकोबद्दल संशय भरवताना, म्हणजे 'नको बाबा, कुणाच्या अब्रूचा प्रश्न आहे' असा आव आणायचा नि हळूच काडी टाकायची.

बरं, दुसऱ्या अंकात हाच माणूस नेमकं उलटं बोलतो. ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ दारूच्या नशेत मारामारी करतो, हुद्दा जातो, नाव गेलं नाव गेलं म्हणून रडत बसतो तर इयागो म्हणतो अब्रूबिब्रू सगळं फोल, लायकी नसताना मिळते नि चूक नसताना जाते. (दारू यानेच पाजलेली बरं का.)

तेव्हा सेक्रेटरी काकांना टोमणा मारायला हा सुविचार टाकणाऱ्यांनो, तुम्ही इयागोचा डायलॉग मारताय. देवलांचं 'झुंझारराव' याच नाटकावरून घेतलंय, गडकरी रंगायतनला कधी लागलं तर बघून या.