मणिभवन ‘गांधींचा बंगला’ नव्हता

मुंबईच्या गावदेवीतल्या मणिभवनाचा, म्हणजे आजच्या गांधी संग्रहालयाचा, फोटो लावून एक मेसेज ग्रुपांमधून फिरतोय. म्हणणं असं की मुंबईच्या उच्चभ्रू वस्तीत गांधींचा स्वतःचा दुमजली बंगला होता, तिथे ते १७ वर्षं आरामात राहिले आणि आता आत बाहुल्यांशिवाय बघण्यासारखं काही नाही.

स्वतःचा बंगला? घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. जवाहिऱ्यांची पेढी, गांधींचे लंडनपासूनचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता, त्यांचे हे भाऊ. गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले तेव्हापासूनचा हा घरोबा. घर श्रीमंताचं होतं, यात वादच नाही. लॅबर्नम रोडवर उभं राहिलं की आजही कळतं. पण म्हणून यजमानाचा सातबारा पाहुण्याच्या नावावर चढवायचा?

१७ वर्षांचा हिशेब १९१७ ते १९३४ असा लावलाय. या काळात मुंबईत आले की ते बहुधा इथे उतरत, एवढंच. बिऱ्हाड साबरमतीला, आणि मधली काही वर्षं येरवड्याच्या तुरुंगात.

आता आराम. १९१९ च्या सुमारास आजारी पडून ते मुंबईत अंथरुणाला खिळले होते, त्याला आराम म्हणायचं तर म्हणा. त्यातही चरख्याचा शोध चालूच. घरावरून रोज एक पिंजारी पिंजण घेऊन जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं, पेळूंसाठी, म्हणजे सूत कातायच्या कापसाच्या वळ्यांसाठी, कापूस पिंजून मागितला. गड्याने भाव चांगलाच चढा लावला, गांधींनी दिला. त्यांच्या खोलीत मग चरख्याची घरघर सुरू झाली आणि आपण बरे झालो त्यात तिचाही वाटा होता, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय.

१९१९ सालीच, ७ एप्रिलला, गांधींचं ‘सत्याग्रही’ हे पत्रक निघालं. मुद्दाम नोंदणी न करता, छापखान्याचा कायदा मोडण्यासाठी; किंमत एक पैसा. वाचा, नक्कल करा, मित्रांना द्या, अशी विनंती त्यावरच छापलेली. फॉरवर्डच म्हणा ना, फक्त त्यावर संपादकाचं नाव होतं आणि लॅबर्नम रोडचा पत्ताही. आपल्या मेसेजवर दोन्ही नाही. पुढे १९२१ च्या मुंबईतल्या दंगलीनंतरचं उपोषण इथलंच, आणि ४ जानेवारी १९३२ ला पहाटे गच्चीवरच्या तंबूतून झालेली अटकही.

वरच्या मजल्यावर बाहुल्या आहेत, खरंय. गांधींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या आकृत्यांमधून मांडलेत, ते नंतरचं काम आहे. पण त्याच मजल्यावर त्यांची खोली जपलीय: जमिनीवर पांढरी गादी, शेजारी चरखा. १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग या घरात मुक्कामाला राहिले, ते काही बाहुल्यांसाठी नव्हे. शिवाय तळमजल्यावर हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे. मेसेज लिहिणाऱ्याने जिना चढायच्या आधी तिथेच तासभर बसायला हरकत नव्हती. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येतं.