फेस तेल धुवत नाही, गॅसची वाट अडवतो

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो मेसेज परत टाकलाय. मेसेज असा की मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राखाली अजून ७० टक्के तेल पडून आहे, धुण्याच्या पावडरीचा फेस करून हवेच्या प्रेशरने खाली सोडला की सगळं तेल धुऊन वर येतं, पण इम्पोर्टवाल्या लॉबीने हे तंत्र दाबून ठेवलंय. तिथे काकांशी वाद कोण घालणार, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते ७० टक्के. आकडा अगदीच हवेतला नाहीये, जगभरात साठ्यातलं सरासरी एक तृतीयांशच तेल निघतं आणि बाकीचं खालीच राहतं. पण खाली काही तेलाचा तलाव नसतो हो, दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत तेल असतं, मुंबई हायला तर तो दगड म्हणजे चुनखडी. पाणी सोडून तेल ढकललं तरी पाणी सोप्या वाटेने निघून जातं आणि तेलाचे थेंब छिद्रांत अडकून बसतात. त्यातलं अजून थोडं कसं निघेल एवढीच सगळी धडपड असते, 'सगळं' वगैरे विसरा.

आता खरी गोची, 'फेस तेल धुतो'. तेल ढकलायला गॅस सोडतात तेव्हा तो तेलापेक्षा खूप पातळ आणि हलका असल्यामुळे वरच्या थरातून नाहीतर भेगांतून शॉर्टकट मारतो आणि तेलाला बगल देऊन थेट प्रोडक्शन विहिरीत हजर होतो. म्हणून पाण्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं फेस आणणारं रसायन, मिसळून तेही सोडतात, मग छिद्राछिद्रांत गॅसचे बुडबुडे आणि मधे पाण्याचे पातळ पडदे तयार होतात, आणि गॅस अडखळायला लागतो. मोकळ्या वाटा आधी तुंबतात, त्यामुळे मागून येणारा गॅस नाइलाजाने तेल उरलेल्या भागात घुसतो. एक्स्प्रेसवे जाम झाला की गाड्या जुन्या हायवेला वळतात ना, तसंच. साबणासारखं तेल सोडवणारं तंत्र वेगळं, त्यात अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर एकत्र सोडतात, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने गुजरातमध्ये विराज नावाच्या फील्डमध्ये २००२ मध्ये त्याचा छोटा प्रयोग केलाय.

धुण्याची पावडर? ग्लासात भांड्याच्या लिक्विडचा फेस करा आणि वरून चमचाभर गोडेतेल सोडा, फेस बसायला लागतो. खाली तर तेलच तेल. शिवाय बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना सांगायला नको, आणि खाली असलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी खारं असतं, त्यात उष्णता इतकी की काही सर्फॅक्टंट तुटूनच जातात. चुनखडी त्यातलं बरंचसं स्वतःलाच चिकटवून घेते ते वेगळंच. म्हणून त्या त्या दगडाला, पाण्याला, तापमानाला चालेल असं रसायन शोधण्यात लॅबमध्ये वर्षं जातात.

आणि 'हवेच्या प्रेशरने' तर नकोच. हवेत ऑक्सिजन असतो बाबांनो, त्याने खाली तेल पेटू शकतं! गुजरातेत मेहसाण्याजवळ बलोल आणि सांथाल या फील्डमध्ये हवा सोडतात, पण ती जमिनीतल्या जाड तेलाचा काही भाग मुद्दाम पेटवून उरलेलं पातळ करायला. फेसासाठी नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, नैसर्गिक गॅस किंवा वाफ वापरतात.

लॉबीचं म्हणाल तर फेसाच्या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९५८ चं आहे, कोणीही वाचावं. नॉर्वेच्या समुद्रातल्या स्नोरे फील्डमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुमारे २००० टन सर्फॅक्टंट वापरून हे करून पाहिलंय. तिथेही एका भागात इंजेक्शनच्या, म्हणजे गॅस आत सोडायच्या, विहिरीतच अडचणी आल्या, काम सोडावं लागलं, मग दुसऱ्या भागात गॅस खरंच जास्त वेळ खाली थांबला. हे सगळं रिसर्च पेपरांत छापलंय. आपल्या सरकारनेही २०१८ मध्ये जुन्या फील्डमधून जास्त तेल काढण्यासाठी सवलतींची पॉलिसी आणलीय, दाबून ठेवायचं असतं तर ती कशाला आणली असती?

राहता राहिलं इम्पोर्ट. मुंबई हाय ऐन भरात होतं तेव्हाही दिवसाला ५ लाख बॅरलच्या आतच तेल द्यायचं, आणि देशाला आज रोज ५० लाखांच्या वर लागतं, मग इम्पोर्ट थांबणार कसं?