आवक खिडकी

गेल्या रविवारी माझा सर्व्हर, म्हणजे इतर प्रोग्रामांच्या जोडण्या घेणारा प्रोग्राम, एका निवृत्त आवक कारकुनाने दुरुस्त केला. लिहितानाही दात आवळले जातायत.

नागपूरचा मे महिना. हे कारकून म्हणजे आमचे वरचे काका. त्यांच्या कूलरचा पंप जळलेला, म्हणून ते आमच्या कूलरसमोर, आमचीच संत्रा बर्फी खात. (पंप बर्डीच्या बाजारात मिळतो. पण उन्हात कोण जाईल!) मी तीन तास स्क्रीनशी भांडत होतो. सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, जोडणी घ्यायच्या सगळ्या पायऱ्या रीतसर. पहिला क्लायंट, म्हणजे जोडू पाहणारा प्रोग्राम, आत आला. पुढचा प्रत्येक जण 'कनेक्ट झालो' म्हणायचा आणि सर्व्हर ढिम्म.

"काहून बे, काय झालं?"

वैतागून सांगितलं, "ते म्हणतात जोडलो गेलो, माझ्या प्रोग्रामला पत्ताच नाही."

"मंग त्यात काय? आवकवाल्यानं शिक्का मारून पोच देल्ली. पत्र साहेबाच्या टेबलावर गेलंच नाही."

मी गप्प. तसंच असतं. टीसीपीचा हँडशेक, म्हणजे जोडणीची पहिली देवाणघेवाण, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर उरकतो, कनेक्शन रांगेत ठेवतो. अ‍ॅक्सेप्ट फक्त रांगेतलं पुढचं उचलतो. लिनक्समध्ये या रांगेची मूळ मर्यादा 128 होती, 5.4 आवृत्तीपासून 4096, असं मी पुटपुटलो.

"4096? एवढे तं माझ्या एका कपाटात पडून राहत! पण तुझा कारकून कुठं हाये?"

"पहिल्याचं ऐकतोय."

"तो काय म्हणून राह्यला?"

"काहीच नाही."

"मंग त्याच्या तोंडाकडं काय पाहून राह्यला बे? त्याले बाजूच्या टेबलावर पाठव, अन् खिडकीवर दुसऱ्याले घे!"

अ‍ॅक्सेप्ट दर वेळी नवा डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या जोडणीचा वेगळा क्रमांक, देतो तो यासाठीच. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना हा प्रश्न मीच विचारतो. आणि तो मुका क्लायंट? सकाळी मीच उघडून विसरलेलं टेलनेट, हाताने जोडणी करून बघायचा प्रोग्राम. हे काकांना सांगायला नको होतं.

प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली स्वतंत्र धाव, दिला, चाललं. संध्याकाळपर्यंत जिन्यात तिघांना कळलं होतं की पोराचं कम्प्युटर काकांनी सुधारलं.

याच काकांच्या कचेरीत बाबांचा अर्ज चार महिने पोच घेऊन पडला होता. तेव्हा बाजूचं टेबल कुणाला सुचलं नाही. 'साहेब दौऱ्यावर आहेत' एवढंच.

पंप अजून आणलेला नाही. बर्फी संपली.