सुरजागडच्या वादात ब्रोकन हिलचं काय काम?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरातल्या लोहखनिजावरून आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या नातेवाइकांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचं म्हणणं, जिल्ह्याला पहिल्यांदाच पगार आणि कारखाना दिसतोय, आता आडवे येऊ नका. दुसरी बाजू म्हणते, माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा डोंगर पोखरून आलेला पगार आम्हाला नको. दोघंही पोटतिडकीने बोलतात. मी ॲडलेडला राहते, त्यामुळे मध्ये तोंड घातलं की "तुला तिकडे बसून काय कळतंय" हे ठरलेलं. तरीही लिहितेय, कारण मुलांच्या हिवाळी सुट्टीत आम्ही कॅरव्हॅन घेऊन ब्रोकन हिल या ऑस्ट्रेलियातल्या जुन्या खाणींच्या गावी मुक्काम केला, आणि तेव्हापासून हा वाद मला वेगळा दिसू लागला आहे.

ॲडलेडहून हे गाव पाचशे किलोमीटरच्या थोडं पुढे. मागे कॅरव्हॅन असली की वेग धरता येत नाही, वाऱ्याने ती हेलकावे खाते. वाटेतल्या युंटा गावात डिझेल भरलं की पुढे दोन्ही बाजूंना नुसती लाल माती आणि खुरटी झुडपं. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण घड्याळ आमच्या ॲडलेडचं, कारण इथलं खनिज साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीच्या भट्ट्यांकडे जायचं आणि सगळा व्यवहार त्याच बाजूला. रस्त्यांची नावं आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. मुलांना रसायनशास्त्राच्या पुस्तकातून फिरल्यासारखं वाटलं.

१८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणावर काम करणाऱ्या माणसाने इथल्या टेकडीवर दावा ठोकला. चांदी, शिसं आणि जस्ताचा हा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी निघाला. १८८५ मध्ये कंपनी उभी राहिली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. आज जगभर बीएचपी म्हणून ओळखली जाते ती हीच. इथल्या पैशावर तिने १९१५ मध्ये दूर न्यूकॅसलला पोलादाचा कारखाना काढला आणि १९३९ मध्ये इथलं काम आवरून ती निघून गेली. नाव आणि भांडवल तिच्याबरोबर गेलं. दुसऱ्या कंपन्यांनी खोदणं चालू ठेवलं, पण एके काळी तीस हजारांवर असलेली वस्ती आता अठरा हजारांच्या आसपास आहे. कारखाना आला म्हणजे जिल्ह्याचं कल्याण झालं असं मानणाऱ्यांनी एवढा इतिहास तरी वाचावा.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. गावाच्या मधोमध खाणीतून काढलेल्या दगडमातीचा काळपट डोंगर आहे, आणि त्यावर खाणकामगारांचं स्मारक. आत काचेवर नावं आहेत, आठशेहून जास्त. नुसती नावं नाहीत, प्रत्येकासमोर मरण कशाने आलं तेही लिहिलंय: दरड कोसळून, शाफ्टमध्ये पडून, शिशाच्या विषबाधेने. माझा मुलगा एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला. माझे मामा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत आयुष्यभर राबले, त्यांच्याबरोबरची माणसं खाणीत गेल्याचं आम्ही लहानपणी ऐकायचो. ती नावं अशी एका जागी, कारणासकट वाचायला मिळतील असं ठिकाण आमच्याकडे मी तरी पाहिलेलं नाही.

ही नोंद ठेवण्याची सवय त्या गावाला कोणी दान दिली नाही. १९१९च्या मे महिन्यात इथल्या कामगारांनी संप पुकारला, तो दीड वर्ष चालला. घराघरांत उपासमार झाली. १९२० मध्ये निवाडा आला तेव्हा भूमिगत कामगारांना आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळालं, आणि फुप्फुसं निकामी झालेल्यांना भरपाईचा कायदा झाला. "तिकडचं इकडे चालत नाही, ते श्रीमंत देश आहेत" असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की तो संप करणारे लोक श्रीमंत नव्हते.

झाडांचंही तसंच. भट्ट्यांसाठी आणि खाणींना टेकू द्यायला आजूबाजूची झाडं तोडली, उरलेलं मेंढ्या-सशांनी खाल्लं, आणि गावावर वाळूचे लोट येऊ लागले. अल्बर्ट मॉरिस हा धातुपरीक्षक, वनस्पतींचा नाद असलेला. त्याचं म्हणणं साधं होतं: कुंपण घाला, ससे आणि गुरं बाहेर ठेवा, रान स्वतःहून उठेल. १९३६ पासून तसं केलं गेलं, खर्चाला खाण कंपनीने हातभार लावला. तो पट्टा आजही गावाभोवती आहे.

सगळं साधलंय असं मात्र नाही. शिसं अजून त्या मातीत आहे. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात आणि आकडे जाहीर करतात, आणि आदिवासी मुलांमध्ये ते जास्त सापडतं. कॅरव्हॅन पार्कमधल्या शेजारीणबाईंनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, मुलं मातीत खेळली की जेवणाआधी हात नीट धुवून घ्या. जमीन मुळात ज्यांची, त्या विल्याकाली लोकांना १८८३ मध्ये कोणी विचारलंसुद्धा नाही.

या बाबतीत आपण पुढे आहोत, निदान कागदावर. आपल्याकडे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आहे, २००६चा वनहक्क कायदा आहे, ग्रामसभेला आवाज आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, त्यात खाणपट्टाधारकांना रॉयल्टीच्या प्रमाणात पैसे भरावे लागतात. ते खाणीमुळे झळ पोचलेल्या गावांसाठीच आहेत.

म्हणून माझ्या नातेवाइकांना, दोन्ही तटांना, माझं एक मागणं आहे. खाण हवी की नको यावर भांडा, ते भांडण खरं आहे आणि ग्रामसभेने नको म्हटलं तर ते नको मानलं गेलंच पाहिजे. पण जिथे खोदणं सुरू झालंय तिथे हिशोब आजच मागा. खनिजाच्या ट्रकखाली आणि खाणीत कोण गेलं, त्यांची नावं आणि कारणं. रस्त्याकाठच्या गावांतल्या धुळीची मोजणी. नाल्याच्या पाण्याचा तपास. प्रतिष्ठानचा पैसा सुरजागडच्या एटापल्ली तालुक्यात किती लागला आणि किती दुसरीकडे गेला. हे सगळं दर वर्षी, मराठीत आणि माडियात, ग्रामसभेसमोर वाचून दाखवलं पाहिजे, आणि ते वाचायला खाणीचा अधिकारी स्वतः उभा राहिला पाहिजे.