मोदक, मिस्सा आणि ‘मीच मार्ग’

गणपतीचे दिवस होते. वसईतल्या पापडीच्या तळ्याकाठी आम्ही चौघे बसलो होतो: वकील, मास्तर, आमच्यातला धाकटा आणि मी. वादाला तोंड वकिलाने फोडलं.

“नाताळात तुझ्या घरी जेवतो, माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला मेणबत्ती लावतो. पण मिस्साच्या उपासनेत कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांगेत उभा राहिलो तर फादर मला देणार नाहीत. का रे?”

“कारण तो नुसता प्रसाद नाही,” मी म्हणालो. “ते ख्रिस्ताचं शरीर आहे असं आम्ही मानतो आणि ‘आमेन’ म्हणून घेतो. तू मानत नसताना तुझ्याकडून ‘आमेन’ वदवून घेणं मला बरोबर वाटत नाही.”

मास्तर म्हणाले, “सगळे धर्म सारखेच म्हणा आणि मोकळे व्हा.”

हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू सांगतो, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे. हे वाक्य शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून मी गिळून टाकलं, तर माझ्याकडे शेजाऱ्यांना सांगण्यासारखं उरलं काय?

“मग माझा बाप्पा खोटा?” वकिलाचा आवाज चढला होता.

कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जे जाहीर केलं, ते मी त्याला सांगितलं. या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. आणि त्याच परिच्छेदात पुढे म्हटलंय, ख्रिस्त हाच मार्ग, हे चर्चने सांगत राहिलंच पाहिजे. यातलं एक वाक्य ठेवून दुसरं पुसायची मुभा मला नाही. दोन्ही धरून जगणं अवघड आहे, पण वसईत आम्ही तेच करतो.

धाकट्याला परिषद मान्य नाही. तो हल्ली पेंटेकोस्टल पंथाच्या प्रार्थनेला जातो आणि वकिलाच्या घरचा मोदक मूर्तीचा नैवेद्य म्हणून घेत नाही. मी घेतो. “अन्नाने आपण देवाजवळ जात नाही, असं प्रेषित पौलानेच करिंथकरांना लिहिलंय,” मी म्हटलं. “तो ८वा अध्याय. १०वाही वाच,” तो म्हणाला. खरं आहे, तिथे मूर्तीच्या नैवेद्याबाबत पौल कडक होतो. त्याचा नकार मनापासूनचा आहे, आणि त्यालाही या कट्ट्यावर जागा हवी.

“मोदक नको खाऊस,” वकील म्हणाला, “पण दारात पत्रकं का टाकतोस?”

“राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्मप्रसाराचा हक्क आहे,” धाकटा म्हणाला.

“आहे. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही.”

“आणि ऐकून कुणी स्वतःच ठरवलं तर?” मी विचारलं. “नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांना काय कुणी फसवलं होतं?”

“टिळकांचं सोड. त्यांच्या बायकोचे, लक्ष्मीबाईंचे काय हाल झाले?” वकील म्हणाला.

झाले, फार झाले. कित्येक वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या हिंदू म्हणूनच, आणि बाप्तिस्मा घेतला तो पुढे, १९०० साली, स्वतःला पटल्यावर. टिळकांची श्रद्धा पक्की होती, तरी त्यांनी वाट पाहिली. धाकट्याला मी तेवढंच म्हटलं, की पत्रक दाराखालून सरकवू नकोस. बेल वाजव, नाव सांग, समोरचा नको म्हणाला तर माघारी फिर.

“माझ्याकडे ये,” वकील म्हणाला. “नको म्हणणार नाही. पण दोन तास वाद घालीन.”

धाकटा म्हणाला, रविवारी येतो, प्रार्थना संपल्यावर.