शंभर टक्के निकालाची सोपी रीत

आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी इच्छा असेल, तर शिकवण्याचा खर्चिक आणि बेभरवशाचा मार्ग प्रथम मनातून काढून टाकावा. टक्केवारी म्हणजे शेवटी भागाकार. वर उत्तीर्ण झालेले, खाली परीक्षेला बसलेले. वरचा आकडा वाढवायला वर्षभर घाम गाळावा लागतो, खालचा उतरवायला एक कप चहा पुरतो.

अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेनेच द्यायचे, वीस गुण हातचे समजावेत.



खरे कसब नववीत आहे. गणितात कच्चा मुलगा हेरावा, त्याच्या वडिलांना कार्यालयात बोलवावे, चहा मागवावा आणि मुलाच्याच भल्यासाठी म्हणून दाखला काढून सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला द्यावा. मुलगा बाहेरून बसला, की तो शाळेच्या निकालात धरला जात नाही. मागच्या सोमवारी हा चहा माझ्या पुढ्यात आला. माझा मुलगा पाचवीपासून त्याच शाळेत आहे, नववी पास आहे, गणितात त्याला ३८ गुण आहेत. तरीही ‘आमच्या परंपरेला धक्का नको, एवढंच,’ असे मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले, आणि ती परंपरा तेव्हा फाटकावरच्या फ्लेक्सवर वाऱ्याने फडफडत होती.

कोल्हापूरच ना हे? १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज त्याच गावात पोराला शाळेतच ठेवू पाहणारा पालक गुन्हेगारासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो.

थट्टा पुरे झाली. शासनाने निकाल मागितला तो तुम्ही काय शिकवले हे कळावे म्हणून, तुम्ही कोणाला हाकलले याची शाबासकी द्यायला नव्हे. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही आव आणू नये. नववीच्या पटावरची किती नावे दहावीत उरली नाहीत, हे यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या, नोंदी उघडल्या तर दिसते. साहेब, तुम्ही फक्त टक्केवारीची ओळ वाचता आणि सत्काराचा नारळ घेऊन घरी जाता.

दाखला मी काढणार नाही. जूनमध्ये माझा मुलगा दहावीच्या वर्गात बसेल. त्याला गणित शिकवा. नापास झालाच, तर तुमच्याच पटावर होईल.